बरोबरची खूण

१

बाण पाण्याकडे दाखवत होता. पांढऱ्या फक्कीनं काढलेला, चांगला हातभर लांब, ठसठशीत. आणि त्या बाणाचं ऐकून गेला असं सगळे म्हणत होते तो सुश्रुत पाठक, जिथं डांबर संपतं आणि पाणी सुरू होतं तिथं, कुणाच्या तरी चादरीखाली पडला होता.

नेवाशाहून बोरखेडीला जाणारा हा रस्ता म्हणजे नगरच्या सायकलवाल्यांचा जीव की प्राण. एका अंगाला ऊस आणि हरभरा, दुसऱ्या अंगाला धरणाचं पसरलेलं पाणी आणि त्यातलं पक्ष्यांचं अभयारण्य. वाहन म्हणाल तर एखादा ट्रॅक्टर, तोही घाईत नसलेला. आपल्याच चाकाचा आवाज आपल्याला ऐकू येईल असा रस्ता आता जिल्ह्यात शोधून सापडत नाही. बोरखेडी फाट्यावर मात्र त्याला दोन तोंडं फुटतात. उजवं जातं नव्या बोरखेडीला. डावं जातं जुन्या बोरखेडीला, म्हणजे कुठेच जात नाही, कारण ते गाव धरण झालं तेव्हाच बुडालं. गाव गेल्याचं रस्त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो आपला इमानेइतबारे तिकडे जातो आणि सरळ पाण्यात उतरतो.

दर सव्वीस जानेवारीला सायकल मंडळाची फेरी या रस्त्यानं निघायची. पहाटे धुक्यात नेवासा सोडायचं आणि नव्या बोरखेडीच्या शाळेत झेंडावंदनाला पोचायचं. आदल्या संध्याकाळी वळणावळणावर बाण काढून ठेवायचं काम इमॅन्युएल भिंगारदिवे सरांचं. सर खेळाचे शिक्षक. कबड्डी-खोखोची मैदानं फक्कीनं आखण्यात त्यांची उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतरही फेरीत ते सगळ्यांच्या मागे असत, कॅरियरला फक्कीचा डबा बांधून. ट्रॅक्टरनं एखादा बाण पुसलाच, तर पुन्हा काढायला.

सुश्रुत त्यांनाच सापडला. त्यांनीच त्याला काठावर ओढलं, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. उपयोग झाला नाही. फौजदार पंकजा दहातोंडे पोचल्या तेव्हा सर ओल्या कपड्यांनी शेजारी बसून होते.

"बाण मी काढला," ते म्हणाले. "चुकीचा काढला. माझं वय झालंय. माझ्यामुळे पोरगं गेलं, मला घेऊन चला."

सरांची मुलगी सिल्व्हिया नाशिकला पोलिसात सहायक निरीक्षक होती. निरोप मिळताच ती निघाली. कोल्हार मागे पडलं तरी तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माणूस म्हातारा होतो, चष्मा विसरतो, गॅस बंद करायचा विसरतो. पण ज्यानं पोरांच्या पिढ्यांना ‘दाहिने मूड’ शिकवलं, तो माणूस उजव्याचं डावं करेल?

पंकजा प्रशिक्षणात तिच्या हाताखाली होती. त्या ओळखीवर पंकजानं नियमांकडे काणाडोळा करून जागेवरचे फोटो दाखवले.

"हा बाण, मॅडम."

सिल्व्हियानं फोटो मोठा करून पाहिला. बाण अगदी कोरा होता, जणू आत्ताच काढलेला. पुढच्या फोटोत सुश्रुत होता. पाय अनवाणी. ट्रॅकपँट दोन्ही पायांवर गुडघ्याच्या वर नीट, सारखी दुमडलेली. मागे पाण्यात त्याची सायकल आडवी.

"बूट कुठायत?"

"गाळात गेले असणार. सायकलसकट पाण्यात पडला, डोकं आपटलं, गुदमरला."

"आणि पँट?"

"सायकलवाले दुमडतातच की. चेनमध्ये अडकू नये म्हणून."

सिल्व्हियानं फोटो आणखी मोठा केला. सायकलवाल्या बापाच्या पोटी जन्मल्यावर काही गोष्टी शिकाव्या लागत नाहीत. चेन उजव्या बाजूला असते. दुमडायचा तो उजवा पाय.

"साक्षीदारही आहे," पंकजा चाचरत म्हणाली. "धाबेवाला गहिनीनाथ. त्यानं पहाटेच बाण पाण्याकडे बघितला होता. फेरीतले बाकीचे धुक्यात पुढच्याच्या दिव्यामागे वळले, बाण कुणी नीट बघितलाच नाही. सरांनी कबूल केलंय. मी तरी काय करू? निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल."

सिल्व्हिया फाट्यावरून पाण्यापर्यंत एकटी चालत गेली, खाली मान घालून, डांबराचा कण न् कण बघत. मग परत आली, आणि पुन्हा गेली. बाण होता. पण बाणानंतर जे असायलाच हवं होतं, ते त्या रस्त्यावर कुठेच नव्हतं.

२

सरांची एक रीत होती. मंडळातले नवे लोक तिला हसायचे आणि पहिल्याच धुक्यात तिच्या पाया पडायचे. वळणाला बाण तर कुणीही काढतो; सर वळण संपल्यावर थोडं पुढे, रस्त्याच्या मधोमध, अजून एक खूण करत. पेपर तपासताना मास्तर मारतात तसली, बरोबरची. ती दिसली की समजायचं, आपण चुकलो नाही, चला पुढे. दिसली नाही तर गुमान मागे फिरायचं. बाण वाऱ्यानं विस्कटतो, कुणी खोडसाळपणा करतं, पण बरोबर म्हणजे बरोबर. मंडळात म्हणच पडली होती: बाणावर जाऊ नका, बरोबरवर जा.

उजव्या रस्त्यावर ती खूण होती. डाव्यावर नव्हती.

"पप्पा," सिल्व्हियानं केडगावच्या घरी बापासमोर चहा ठेवत विचारलं, "बाण डावीकडे काढलात, मग बरोबर उजवीकडे कशी?"

सर खिडकीतून बाहेर बघत होते. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"म्हटलं ना, डोकं चालत नाही आता."

"सुश्रुतला बाणाची गरजच काय होती? तुमच्यानंतर तो रस्ता सगळ्यात जास्त कुणाला पाठ असेल तर त्यालाच. आणि चुकून वळला असता, तरी खूण दिसली नाही म्हणून मागे फिरला असता. तुम्हीच शिकवलंयत त्याला, सहावीत असल्यापासून."

"सिल्व्ही, मला छळू नकोस."

"मंडळातली माणसं काय बोलतायत माहितीय? म्हातारा भ्रमिष्ट झालाय, त्याच्या हातात फक्की दिलीच कशाला. ज्यांना तुम्ही सायकलवर बसायला शिकवलं, ती माणसं!"

"बोलू देत."

"तुरुंगात जाल पप्पा, या वयात."

"जाईन," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सिल्व्हियाला भीती ऐकू आली नाही. सुटका ऐकू आली. गुन्हा कबूल करताना हलकं वाटणारी माणसं तिनं नोकरीत पाहिली होती. ती एक तर खरोखरच गुन्हेगार असतात, नाही तर कुणाला तरी पाठीशी घालत असतात.

मग पप्पा कुणाला पाठीशी घालत होते?

३

गहिनीनाथचा धाबा फाट्याच्या थोडा अलीकडे. ‘ताजी मासळी, चुलीवरची’ अशी पाटी, आणि पाटीखाली स्वतः गहिनीनाथ, गोड बोलण्यात कुणाला हार न जाणारा.

"या ताई, बसा. सरांचं ऐकून लई वाईट वाटलं बघा. देवमानूस. पन वय हाय, काय करनार?"

"तुम्ही बाण कधी बघितला?"

"पहाटं की. दूध घालून येत हुतो. तुमचे सायकलवाले यायच्या आदी. धुकं हुतं, पन फक्की पांढरीफेक. बाण सरळ पान्याकडं. मला वाटलं, आवंदा रस्ता बदलला जनू."

"पुसावासा नाही वाटला?"

"मी कोन पुसनार? सरांचं काम." त्यानं हात जोडले. "त्या दिवशी तर मला मान वर करायला सवड न्हाई. झेंडावंदनाची गर्दी, सगळ्यांना मासे पायजेत."

सुश्रुतशी कुणाचं वाकडं होतं, असं विचारल्यावर त्यानं लगेच छबूबाईचं नाव घेतलं, विचारायचीच वाट बघत असल्यासारखं.

छबूबाई काठावरच भेटली, म्हशी धूत. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात ती हरभरा पेरायची. त्या गाळपेरीनं पक्ष्यांची घरटी मोडतात, म्हणून सुश्रुतनं अर्ज केला आणि वनखात्यानं तिचा नांगर थांबवला. तेव्हा तिनं भर चौकात त्याला शिव्या घातल्या होत्या.

"दिल्या. न्हाई कशाला म्हनू?" छबूबाई म्हशीच्या पाठीवर पाणी मारत म्हणाली. "आमच्या जिमिनी धरनात गेल्या. पानी हटलं की चार दानं पिकवतो, तर म्हनं ती जागा पाखरांची. मग मानसांची कंची? पान्यात जाशील म्हनले मी त्याला. आन गेला बघा." तिचा हात थांबला. "तवापास्नं घास गिळंना. म्या त्याला मरायला न्हवतं म्हनलं, बाई. शिवी ती शिवी आसती."

"त्या सकाळी इथं काही दिसलं?"

"मला काय दिसतंय? म्हशी घिऊन आले तवर पोलीस आल्ते. पन काठाला मासं उलटं पडल्यालं, ह्ये एवढालं. एक करकोचाबी मेल्ता, रंगीत पखांचा. म्हनलं, पानीच इटाळलं."

शेवटी सिल्व्हिया रुचाला भेटली. सुश्रुतची बायको. भांडण होऊन ती पुण्याला निघून गेली होती, आणि आता सासरच्या घरात तिच्याकडे सगळे असे बघत होते, की जणू तिनंच त्याला ढकललं.

"आमचं मिटलं होतं, सिल्व्हियाताई," रुचा म्हणाली. "कुणाला माहीत नाही. मी त्या दिवशी शाळेतच होते. तो म्हणाला, तू थेट झेंडावंदनाला ये, तिथून तुला करकोचे दाखवायला नेतो. त्याचे कोरडे कपडे घेऊन बसले होते मी. लाऊडस्पीकरवर गाणी चालू होती, ती मध्येच बंद पडली. हेडमास्तर ओरडायला लागले, लाइटची डीपी उडाली म्हणून. मी हसत होते, ताई. तो तिकडे गेला असेल, आणि मी इथं हेडमास्तरांना हसत होते."

ती रडायला लागली तेव्हा सिल्व्हियानं तिला जवळ घेतलं. पण तिचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. मेलेले मासे, मेलेला करकोचा, उडालेली डीपी. आणि तरीही पप्पा म्हणतात, बाण मी चुकवला.

४

बूट सापडले ते फक्कीच्या पोत्यात.

केडगावच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिल्व्हिया खरं तर डबा बघायला गेली होती. पोतं हलवलं तर आत काही तरी टणक लागलं. तिनं हात घातला. सायकलचे बूट, जोडीनं. आत मोजे नीट गुंडाळून खोचलेले, आणि एका बुटात चष्मा. सगळ्यावर पांढरी भुकटी बसलेली.

ती तिथंच खाली बसली. लहानपणी खोटं बोलली की पप्पा तिला उन्हात मैदानाला एक फेरी मारायला लावत. आता त्या माणसाला काय शिक्षा द्यायची?

बूट घेऊन ती घरात आली आणि टेबलावर ठेवले. सरांनी एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"बाण तुम्ही चुकवला नव्हता," सिल्व्हिया म्हणाली. "आदल्या दिवशी बरोबरच काढला होता, उजवीकडे. सगळे त्यावरूनच गेले. फोटोतल्या बाणावर एकाही चाकाचा डाग नाही, पप्पा. एवढ्या सायकली त्या फाट्यावरून गेल्या आणि फक्की जागची हलली नाही? तो बाण सगळे गेल्यावर काढलाय. सुश्रुत गेल्यावर. आणि तेव्हा तिथं फक्कीचा डबा एकाच माणसाकडे होता."

सरांनी डोळे मिटले.

"फाट्यावर त्याच्या चाकाची रेघ डावीकडे गेलेली दिसली," ते म्हणाले. "वाटलं, गेला असेल पाखरं बघायला. मागोमाग गेलो. सायकल काठाला स्टँडवर उभी. बूट शेजारी शेजारी, मोजे आत, चष्मा आत. आणि तो पाण्यात पालथा. गुडघाभर पाण्यात, सिल्व्ही. पट्टीचा पोहणारा पोरगा गुडघाभर पाण्यात कसा बुडतो? बुडायचंच असेल तरच ना?"

"तुम्हाला वाटलं, त्यानं जीव दिला."

"दिवाळीत माझ्याकडे आला होता. रुचा गेली तेव्हा. म्हणाला, सर, कधी कधी वाटतं, तो रस्ता जातो तसं सरळ पाण्यात जावं. मी काय म्हणालो? रोज सायकल चालव, डोकं हलकं होईल." सरांनी टेबलावरचे बूट एका रेषेत लावले. "ऐकलं मी आणि व्यायाम सांगितला. त्याला ओढून बाहेर काढलं, होतं नव्हतं ते सगळं केलं. मग ते बूट दिसले. म्हटलं, आता लोक काय काय बोलतील. त्या पोरीला जगू देणार नाहीत. त्याच्या आईबापाला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीत. त्यापेक्षा म्हातारा चुकला, हे बरं. बूट पिशवीत टाकले, सायकल पाण्यात ढकलली, बाण पुसून उलटा काढला. नाही तरी त्याला मी वाचवलं नव्हतंच. मग खोटं ते काय बोललो?"

"आणि बरोबर? डाव्या रस्त्यावर ती का नाही काढली? सगळं जुळून आलं असतं."

"बसलो होतो काढायला. फक्की मुठीत घेतली." सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "नाही झालं. जो रस्ता पाण्यात जातो त्याला बरोबर म्हणायला हात उठेना."

सिल्व्हियाला रडू फुटलं. रागही आला, इतका की ते बूट उचलून भिंतीवर आपटावेत. या माणसानं दयेपोटी केवढा घोळ घालून ठेवला होता! पण ती पोलीस होती, आणि एक गोष्ट तिला कधीपासून सलत होती.

"पप्पा, त्याची ट्रॅकपँट आठवते?"

"काय?"

"दोन्ही पाय गुडघ्याच्या वर दुमडलेले होते. नीट. मोजेही बुटात. का?"

"भिजू नये म्हणून—" सर बोलता बोलता थांबले.

"जीव द्यायला निघालेला माणूस पँट भिजेल म्हणून दुमडतो होय? त्याला बाहेर यायचं होतं, पप्पा. कोरड्या मोज्यांत पाय घालून झेंडावंदनाला जायचं होतं. रुचा तिथं त्याची वाट बघत होती. त्यांचं मिटलं होतं."

सर उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले.

"मग तो पाण्यात कशाला उतरला?"

"कशासाठी उतरला ते मला वाटतं कळलंय," सिल्व्हिया म्हणाली. "आणि तुमच्या त्या खोट्या बाणानं कुणाला वाचवलं, तेही. उद्या माझ्याबरोबर चला. जे मला सांगितलंत, ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथच्या धाब्यावर फौजदार पंकजा, सिल्व्हिया आणि सर बसले. पंकजाची दोन माणसं पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या अंगाला गेली. गहिनीनाथनं चहा मांडला.

"गहिनीनाथ," सिल्व्हिया म्हणाली, "पप्पांना स्वतःच्या कानांनी ऐकायचंय. तुम्ही बाण कधी बघितला?"

"किती येळा सांगू? पहाटं. दूध घालून येताना."

"सायकलवाले यायच्या आधी?"

"व्हय."

"पाण्याकडे होता? नक्की?"

"आता देवाची शप्पत घिऊ का? ह्या डोळ्यांनी बघितला."

सिल्व्हियानं बापाकडे पाहिलं. सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि ते उभे राहिले, वर्गात राहत तसे ताठ.

"पहाटे तो बाण उजवीकडे होता," ते म्हणाले. "पाण्याकडे मी केला. सुश्रुतला पाण्यातून काढल्यावर, ऊन पडल्यावर. त्याआधी तसला बाण या जगात नव्हता, गहिनीनाथ. मग तू तो पाहिलास कसा?"

पंकजानं टोपी काढून मांडीवर ठेवली. सरांचं हे बोलणं तिलाही नवं होतं.

"धुकं हुतं सर," गहिनीनाथ म्हणाला. "चुकलं आसंल बघन्यात."

"मग देवाची शपथ कशाला घेत होतात?" सिल्व्हिया म्हणाली. "तुम्ही बाण बघितलाच नाही. दुपारी ऐकलंत की सरांनी चूक कबूल केली, आणि त्यावर लगेच आपली साक्ष टेकवलीत. सरांच्या चुकीची गरज सरांशिवाय एकालाच होती. बाणामुळे गेला म्हटलं की पाण्याकडे कोण बघणार? पाण्यात काय होतं, गहिनीनाथ?"

"मला काय ठावं?"

"काठाला मासे उलटे पडले होते. जाळ्यातले नाही, गळाचे नाही, नुसतेच मेलेले. त्यांच्यात एक करकोचा मेलेला. आणि त्याच वेळी शाळेतला लाऊडस्पीकर बंद पडला, डीपी उडाली म्हणून. शेतीपंपाची लाइन काठावरून गेलीय. तिच्यावर आकडा टाकायचा, वायर पाण्यात सोडायची, करंटनं मासे वर येतात, टोपलीत भरायचे. झेंडावंदनाची गर्दी, सगळ्यांना मासे पाहिजेत, तुम्हीच म्हणालात."

गहिनीनाथ फडक्याला हात पुसत राहिला.

"सुश्रुत पप्पांच्या थोडा पुढे, बाकी सगळ्यांच्या मागे राहायचा, पाखरं बघत. त्याला पाण्यात करकोचा तडफडताना दिसला. त्यानं सायकल स्टँडवर लावली, बूट काढले, वाकताना पडू नये म्हणून चष्मा त्यात ठेवला, पँट दुमडली आणि त्या पाखराला उचलायला गुडघाभर पाण्यात उतरला. पाण्यात करंट आहे, हे तिथं एकालाच माहीत होतं."

तेवढ्यात मागच्या अंगाला गेलेला एक शिपाई पुढे आला. त्याच्या हातात लांब वेळू होता, टोकाला लोखंडी आकडा, आणि खांद्यावर वायरचं वेटोळं. शेणाच्या गोवऱ्यांमागे लपवलेलं होतं, तो म्हणाला.

गहिनीनाथनं हातातलं फडकं खाली टाकलं.

"म्या ओरडलो हुतो," तो म्हणाला. त्याचा गोडवा कुठच्या कुठे गेला होता. "धुक्यात लांबनं ओरडलो, अरं उतरू नगं. त्येला वाटलं आसंल, पाखराला हात लावू देत न्हाई. उतरलाच. म्या आकडा वडला तर ठिनग्या उडाल्या, फ्यूज गेला. त्यो पडल्याला. वाटलं, उठंल. आत्ता उठंल. मग सरांच्या सायकलची घंटी ऐकू आली, आन मी पळालो."

"घंटी ऐकू येईपर्यंत किती वेळ?" सरांनी विचारलं.

गहिनीनाथची नजर रस्त्याकडेच्या उसाकडे गेली.

"तू उसाआड उभा होतास? तो पालथा पडला होता आणि तू बघत होतास?"

"भ्या वाटलं, सर."

"नुसतं उताणं केलं असतंस," सर म्हणाले. "नुसतं उताणं, गहिनीनाथ!" आणि आयुष्यात कधी रागानं आवाज न चढवलेला तो माणूस इतक्या जोरात ओरडला, की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

६

पाण्यात करंट लागला तर अंगावर खूण राहतेच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. उताणं केलं असतं तर वाचला असता का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, आणि सिल्व्हियानंही पुन्हा विचारलं नाही.

गहिनीनाथला अटक झाली. सरांवरही पुरावा लपवल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागला. पंकजानं तो लावताना चार वेळा माफी मागितली, तेव्हा सरच तिला म्हणाले, "लाव बाई. त्या बाणानं सगळ्यांचे डोळे रस्त्यावर खिळवले. सिल्व्ही आली नसती तर गहिनीनाथ पुन्हा आकडा टाकून मोकळा झाला असता." कोर्टात जे व्हायचं ते होईल. सिल्व्हियाला त्याची काळजी होतीच, पण ती काळजी वेगळी. आता निदान बाप आपलाच होता, ओळखीचा.

नाशिकला परतायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "मला फाट्यावर सोडशील?"

पंकजानं डाव्या रस्त्याच्या तोंडाशी दगड रचून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या. सर बाजूनं वाट काढून आत गेले, हातात डबा घेऊन. सिल्व्हिया मागोमाग चालत होती. पाण्यावरचं धुकं विरत होतं आणि पलीकडच्या उथळ पाण्यात करकोचे एका पायावर उभे होते. छबूबाईच्या म्हशी काठाला होत्या. ती लांबूनच यांच्याकडे बघत होती.

बूट होते त्या जागी येऊन सर थांबले.

"तो मला म्हणाला होता, सरळ पाण्यात जावं असं वाटतं," ते म्हणाले. "ते एवढं माझ्या मनात बसलं, की त्याला तसा बघितला आणि लगेच विश्वास ठेवला. दुमडलेली पँट माझ्या डोळ्यांसमोर होती, सिल्व्ही. याच हातांनी ओढलं त्याला. पण मी त्याला आधीच नापास करून ठेवलं होतं. सहावीपासून ओळखत होतो त्याला."

"पप्पा, पुरे."

"एक पाखरू तडफडताना बघून तो थांबला. बाकीचे सगळे बाणावरून पुढे गेले, मीच काढलेल्या."

ते गुडघे टेकून बसले. डब्यातून मूठभर फक्की घेतली. या वेळी हात अडला नाही. मैदान आखताना मुठीतून धार सोडत तशी त्यांनी ती सोडली, एक छोटी रेघ खाली आणि एक लांब रेघ वर. पाण्याच्या अगदी कडेला, डांबर संपतं तिथं, त्यांनी बरोबरची खूण काढली.

मग ते उठले, गुडघ्यांना लागलेली माती झटकली, आणि डबा लेकीच्या हातात दिला.